एका पेशीची विषम वांटणी

पिंपरी-चिंचवडपासून भोसरीवरून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत ‘स्पिंडल’ हा शब्द आतां परका राहिलेला नाहीं. लेथवर काम करणाऱ्या कारागिराच्या तोंडीं तो पाना, पक्कड, कानस या शब्दांइतकाच घरगुती झाला आहे. लेथच्या डाव्या अंगास फिरणारा जो दांडा, ज्याच्या तोंडावर चक बसवितात व त्या चकमध्यें काम आवळून धरतात, तो स्पिंडल. एखाद्या जुन्या कारागिराला विचारल्यास तो असेंहि सांगेल, कीं काम मध्यावर आणणें ही पहिली पायरी खरी, परंतु प्रत्येक काम मध्यावर ठेवावयाचें नसतें. मध्यापासून बाजूस असलेला खुंट तासावयाचा असेल, तर चार जबड्यांच्या चकमध्यें काम आधीं बरोबर मध्यावर आणावें लागतें. मग समोरासमोरच्या दोन जबड्यांपैकीं एक सैल करून व दुसरा आवळून तें मोजून-मापून ढळवावें लागतें. अशा ठिकाणीं मध्य सुटणें हा दोष नसून तोच हेतु असतो. दोष घडतो तो ढळणें ठरल्यापेक्षां कमी किंवा अधिक झाल्यास.

जीवशास्त्रांतहि एक स्पिंडल आहे, आणि त्याची हकीकत पुष्कळ अंशीं अशीच आहे. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ सूत कातण्याची चाती. दोन्ही टोकांना निमुळती व मध्यें फुगीर अशी सूत गुंडाळलेली चाती ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना पेशी दुभंगतांना तिच्यांत दिसणाऱ्या आकृतीस शास्त्रज्ञांनीं हें नांव कां दिलें तें निराळें सांगावयास नको. मराठी परिभाषेंत तिला ‘तर्कु’ म्हणतात. संस्कृतांत चातीलाच तर्कु हा शब्द आहे. पेशी दुभंगण्यापूर्वीं हा तर्कु तिच्यांत नेमका कोठें उभा राहतो, त्याला तेथें कोण नेऊन ठेवतें, आणि तो चुकीच्या जागीं राहिला तर काय घडतें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम तर्कूचें नित्याचें काम कोणतें तें पाहणें इष्ट होय. पेशी दोन होण्यापूर्वीं तिच्यांतील गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांची, प्रत्येकीं एक नक्कल तयार होते. मनुष्याच्या पेशींत हीं गुणसूत्रें ४६ असतात. जोडीनें चिकटलेल्या या प्रतींची ताटातूट करून एक संच एका बाजूस व दुसरा दुसऱ्या बाजूस पोंचविणें हें तर्कूचें काम. तो ज्या तंतूंचा बनतो त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. प्रथिनाच्या या पोकळ नळ्यांची जाडी मिलिमीटरच्या चाळीस-हजाराव्या भागाएवढी असते. तर्कूच्या दोन टोकांपासून निघालेल्या कांहीं नळ्या गुणसूत्रांना धरतात, कांहीं मधोमध एकमेकींत गुंततात, आणि कांहीं ताऱ्याच्या किरणांप्रमाणें बाहेर पेशीच्या कडेपर्यंत पसरतात. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानें रंगविलेल्या पेशींत हा देखावा पाहून १८८२ सालीं त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. गुणसूत्रांची ही वांटणी सारखी व्हावीच लागते. एखादें कमी-अधिक झालें तर तें पेशीला बहुधा भोंवतें.

परंतु पेशी म्हणजे केवळ गुणसूत्रें नव्हेत. तिच्यांतील जीवद्रव्य, अन्नाचा सांठा, नाना प्रकारचीं प्रथिनें व कण यांचीहि विभागणी व्हावयाची असते. ती कोठून व्हावयाची हें तर्कूच्या जागेवरून ठरतें. कारण प्राण्यांच्या पेशींत छेद पडतो तो सामान्यतः तर्कूच्या मध्यावर व त्याला काटकोनांत. तर्कु पेशीच्या मधोमध असेल तर दोन कन्यापेशी सारख्या होतात. तो एका अंगास सरकलेला असेल तर एक मोठी व एक लहान होते. म्हणजे एकच साधन एकाच क्रियेंत दोन प्रकारच्या वांटण्या करतें. गुणसूत्रांची वांटणी तें तंतोतंत सारखी करतें. बाकीच्या मालमत्तेची वांटणी जरूर पडेल तेथें मुद्दाम विषम करतें. घराची वांटणी करतांना वंशाचे कागद दोघांना सारखे द्यावे, पण जमीन व भांडींकुंडीं मात्र ज्याच्या त्याच्या पुढील धंद्याप्रमाणें कमी-अधिक द्यावीं, तसाच हा प्रकार आहे.

ही विषमता कशासाठीं, असा प्रश्न येथें स्वाभाविकच उद्भवतो. त्याचें उत्तर असें, कीं सर्व वांटण्या सारख्याच झाल्या असत्या तर एका अंड्यापासून सारख्याच पेशींचा एक गोळा झाला असता. त्वचा, स्नायु, आंतडें व मज्जातंतु असे भेद पडावयास आरंभ कोठून व्हावयाचा? बहिणी-बहिणींत पहिला भेद पाडण्याचे जे कांहीं मार्ग निसर्गाला सांपडले आहेत, त्यांत विषम विभागणी हा एक अगदीं जुना व सरळ मार्ग आहे.

त्याचा सर्वांत बारकाईनें अभ्यास झाला आहे तो सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या नांवाच्या एका क्षुद्र कृमीवर. कुजक्या फळांत व पालापाचोळ्यांत राहणारा हा कृमि जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. त्याचें अंडें मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढें, परंतु कांचेसारखें पारदर्शक. त्यामुळें आंत चाललेली विभागणी जिवंतपणीं सूक्ष्मदर्शकांतून पाहतां येते. सिडनी ब्रेनर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील केंब्रिज येथें हा प्राणी संशोधनासाठीं निवडला. १९८३ सालीं जॉन सल्स्टन व त्यांचे सहकारी यांनीं अंड्याच्या पहिल्या पेशीपासून बाहेर पडणाऱ्या पिलाच्या ५५८ पेशींपर्यंत प्रत्येक पेशीची वंशावळ प्रसिद्ध केली. कुळाच्या वंशावळी जपून ठेवणाऱ्या समाजाला या कामाची थोरवी सहज पटेल. येथें एकहि नांव गाळलेलें नाहीं. ब्रेनर, सल्स्टन व रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांना २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या वंशावळींतील पहिलाच फांटा विषम आहे. फलित अंडें दुभंगतें तेव्हां पुढच्या अंगास मोठी व मागच्या अंगास लहान अशा दोन पेशी होतात. अंड्याची लांबी शंभर भाग धरली, तर छेद पन्नासाव्या भागावर न पडतां त्याच्या मागें, परंतु साठाच्या आंतच, पडतो. फरक दिसावयास एवढा थोडा. परिणामानें मात्र फार मोठा. दोन कन्यांपैकीं मोठी पेशी धाकटीच्या सुमारें दोन मिनिटें आधीं पुन्हां दुभंगते, आणि दोघींची संतति पुढें अगदीं भिन्न वाटांनीं जाते. धाकटीच्या शाखेंत अशाच आणखी तीन विषम वांटण्या होतात व त्यांतून शेवटीं जी एक पेशी उरते, तिच्यापासूनच त्या प्राण्याचीं सर्व बीजें, म्हणजे पुढच्या पिढीचा सारा ठेवा, निर्माण होतो.

ही वांटणी विषम झाली नाहीं तर काय होतें, हें १९८८ सालीं कळलें. अमेरिकेंतील केनेथ केम्फ्युस, जेम्स प्रीस व सहकारी यांनीं असे सदोष कृमि वेगळे काढले, कीं ज्यांच्या अंड्यांत पहिला छेद बरोबर मधोमध पडे. वरवर पाहतां ही वांटणी अधिक न्यायाची वाटेल. परंतु या गर्भांपैकीं बहुतेक मरून जात. त्यांच्यांत पेशींची संख्या वाढे, पेशींचे कांहीं प्रकारहि उत्पन्न होत. मात्र त्या पेशी योग्य स्थळीं न बसल्यामुळें त्यांतून आकारहीन गोळ्याखेरीज कांहीं निष्पन्न होत नसे. ज्या जनुकांच्या बिघाडामुळें हें घडे, त्यांना शास्त्रज्ञांनीं ‘पार’ असें नांव दिलें. वांटणी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें तें संक्षिप्त रूप होय.

पुढील संशोधनानें या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांचें काम उघड केलें. कृमीच्या अंड्याला मुळांत पुढचें-मागचें असें अंग नसतें. शुक्रपेशी ज्या टोकाजवळ शिरते तें टोक मागचें ठरतें, असें १९९६ सालीं दिसून आलें. शुक्रपेशी आपल्याबरोबर सेंट्रोसोम नांवाचा एक लहानसा अवयव आणते. सूक्ष्मनलिकांचे तारे यापासूनच फुटतात. त्याच्या सान्निध्यानें अंड्याच्या आवरणाखालचा आकुंचनशील थर तेथें सैल पडतो व पुढच्या टोकाकडे वाहूं लागतो. या ओघाबरोबर ‘पार’ प्रथिनांपैकीं एक गट पुढें लोटला जातो, आणि मोकळ्या झालेल्या मागच्या भागांत दुसरा गट ठाण मांडतो. दोन्ही गट एकमेकांस आपल्या हद्दींत टिकूं देत नाहींत. त्यामुळें आंखलेली सीमा कायम राहते. अंड्याला दिशा मिळते ती अशी. परंतु आवरणाखालीं सीमा आंखली गेली म्हणजे मध्यभागीं असलेला तर्कु आपोआप हलतो असें नव्हे. त्याला हलविणारें बळ कोठून येतें?

हालचालीचा क्रम येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. अंड्याचें व शुक्रपेशीचें केंद्रक प्रथम अंड्याच्या मागच्या अर्धांत एकत्र येतात. मग हा जोड सेंट्रोसोमांसह मध्याकडे सरकतो व काटकोनांत वळून अंड्याच्या लांबीच्या दिशेनें लागतो. तर्कु उभा राहतो तो साधारणपणें मध्यावरच, आणि नंतर तो मागें सरकूं लागतो. आधीं मध्य साधावयाचा व मग तो मोजून सोडावयाचा, ही लेथवरील कारागिराची रीत येथेंहि दिसते. भेद एवढाच, कीं तेथें जबडे आवळणारा हात बाहेरचा असतो; येथें बाहेरचा हात नाहीं.

बळाच्या उगमाविषयीं दोन तर्क संभवत होते. तर्कूची दोन टोकें मधल्या नळ्यांच्या रेट्यानें बाहेर ढकललीं जात असतील, किंवा पेशीच्या कडेकडून त्यांना कोणी ओढीत असेल. याचा निकाल स्टेफान ग्रिल, पिएर गोंत्सी, एर्न्स्ट स्टेल्झर व अँथनी हायमन यांनीं २००१ सालीं एका सुंदर प्रयोगानें लावला. त्यांनीं अतिनील लेसर किरणाच्या साहाय्यानें जिवंत अंड्यांतील तर्कु मधोमध तोडला. रेटा मधून असता, तर तो तुटतांच टोकांची गति मंदावली असती. प्रत्यक्षांत दोन्ही टोकें विरुद्ध दिशांना झपाट्यानें सरकलीं. ताणलेली दोरी तोडल्यावर तिचीं टोकें जशीं उडतात तशीं. शिवाय मागचें टोक पुढच्यापेक्षां अधिक वेगानें व अधिक दूर गेलें. अर्थात् ओढ दोन्हीकडून होती आणि मागची ओढ जबर होती. ज्या अंड्यांत ‘पार’ प्रथिनांपैकीं एखादें बिघडलेलें होतें, त्यांत हा फरक नाहींसा झाला. सीमा आंखणारे आणि ओढणारे यांचा संबंध त्यावरून सिद्ध झाला.

मागची ओढ जबर कां, याचीहि दोन उत्तरें शक्य होतीं: मागचे ओढणारे एकेकटे अधिक बलवान् असतील, किंवा ते संख्येनें अधिक असतील. दोन वर्षांनीं, २००३ सालीं, ग्रिल व सहकारी यांनीं लेसरनें सेंट्रोसोमचेच तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा किती वेगानें कडेकडे ओढला जातो तें मोजलें. या वेगांची सरासरी व त्यांतील परस्पर तफावत हीं दोन्ही ताडून पाहिल्यास ओढणाऱ्यांचें बळ व त्यांची संख्या यांचा वेगवेगळा अंदाज करतां येतो. निष्कर्ष असा निघाला, कीं दोन्हीकडचे ओढणारे सारख्याच ताकदीचे, परंतु मागच्या बाजूस कामावर असलेले ओढणारे अधिक. गांवच्या रस्सीखेंचींत एका बाजूला पैलवान उभे न करतां दोन-चार गडी जास्त उभे करावे, तसें हें आहे.

हे गडी कोणते, तेंहि आतां बऱ्याच तपशिलानें ठाऊक झालें आहे. पेशीच्या आवरणाला आंतून चिकटलेलें एक प्रथिन दुसऱ्याला धरतें, दुसरें तिसऱ्याला धरतें, आणि या सांखळीच्या शेवटीं डायनीन नांवाचें प्रथिन असतें. डायनीन हें एक रासायनिक इंजिनच होय. पेशींतील इंधन खर्च करून तें सूक्ष्मनलिकेवर पावलें टाकीत चालतें. येथें तें कडेला बांधलेलें असल्यामुळें स्वतः पुढें न जातां नळीला, आणि नळीबरोबर तर्कूच्या टोकाला, आपल्याकडे ओढतें. सांखळींतील मधलें प्रथिन अंड्याच्या मागच्या अंगास अधिक असतें, म्हणून तेथें अधिक डायनीन कामास लागतें. हीच सांखळी थोड्या नामभेदानें मनुष्याच्या पेशींतहि आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथें गोंत्सी यांच्या प्रयोगशाळेंत असतांना सचिन कोटक यांनीं २०१२ सालीं मानवी पेशींत कडेच्या डायनीनचें तर्कूच्या स्थितीवरील नियंत्रण दाखवून दिलें; पुढें बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत त्यांनीं याच विषयावर आपली प्रयोगशाळा उभारली.

डायनीनच्या अंगच्या गुणांविषयीं जें कांहीं कळलें आहे, त्यांत महाराष्ट्रांतील एका प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. रूप मल्लिक हे अमेरिकेंत संशोधन करीत असतांना त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं असें दाखविलें, कीं डायनीन मोटारीच्या गिअरप्रमाणें वागतें. ओझें नसतांना तें लांब पावलें टाकतें. ओझें वाढलें कीं पाऊल आंखूड होतें, मीटरच्या आठ-अब्जांशाएवढें. मात्र एकट्या डायनीनचें बळ अगदींच थोडें भरलें. एक ग्रॅम वजनाच्या सुमारें एक हजार-कोटाव्या भागाएवढ्या ओढीसमोर तें थबकतें. कायनेसीन नांवाचें दुसरें चालतें प्रथिन याहून कितीतरी बलवान् असतें. मग तर्कूसारखी अवजड वस्तु ओढावयास दुबळ्या डायनीनची योजना कां असावी?

याचें उत्तर मल्लिक व त्यांचे विद्यार्थी यांनीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत शोधलें व २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. प्रकाशाच्या चिमट्यानें त्यांनीं जिवंत पेशींच्या आंत वाहून नेल्या जाणाऱ्या कणांवरची ओढ मोजली. बलवान् कायनेसीन अनेक एकत्र आले तरी त्यांचें बळ एकवटत नाहीं, आणि ओझें वाढतांच ते सुटून जातात. दुबळे डायनीन मात्र एकमेकांना सांभाळून घेतात. पुढचा आंखूड पावलें टाकतो, मागचा लांब टाकून त्याला गांठतो, ओझें सर्वांत वांटलें जातें. आणि ओढ फार वाढली तर सुटण्याऐवजीं ते नळीला अधिकच घट्ट धरून राहतात. त्यामुळें तुकडीचें एकूण बळ तींतील डायनीनच्या संख्येच्या प्रमाणांत वाढतें. हे प्रयोग कृमीच्या अंड्यावर केलेले नव्हते, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. तरी त्यांचा येथें उघड उपयोग आहे. ज्या तुकडीचें बळ संख्येनुसार वाढतें, तींतच दोन-चार गडी जास्त ठेवून ठरावीक फरक घडवून आणतां येतो.

एका कृमीचा हा नियम सर्व अंड्यांना जसाच्या तसा लागू पडतो असें मात्र नाहीं. बेडकाचें अंडें एक मिलिमीटरहून मोठें असतें. त्याच्या ताऱ्याचे किरण कडेला पोंचण्याआधींच तो मध्याकडे सरकूं लागतो. तेव्हां कडेवरून ओढण्याचा प्रश्नच उरत नाहीं. तेथें जीवद्रव्यांत विखुरलेलें डायनीनच किरणांना ओढतें असें मानतात. जो किरण लांब त्याला धरणारे हात अधिक, म्हणून तारा लांब किरणांच्या बाजूस, म्हणजेच मध्याकडे, जातो.

सस्तन प्राण्यांच्या अंड्यांत आणखी निराळी अडचण असते, आणि तिचा विचार पुण्यांतच, पिंपरी-चिंचवडपासून थोड्या अंतरावरील पाषाण येथें, झालेला आहे. मनुष्याच्या किंवा उंदराच्या अंडपेशींत सेंट्रोसोमांची नेहमींची जोडी नसते. उंदराच्या अंडपेशींत सूक्ष्मनलिका निर्माण करणारीं ऐंशींहून अधिक लहान केंद्रें इतस्ततः विखुरलेलीं असतात. विभागणीच्या सुरवातीस तीं मध्याकडे गोळा होतात व त्यांतून तर्कु उभा राहतो. कोणी हांक न मारतां तीं मध्यावर जमतात कशीं? पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेंत चैतन्य आठले यांच्या गटानें गणकयंत्रावर याची प्रतिकृति तयार करून २०१६ सालीं एक उत्तर मांडलें. नळ्यांवर चालणाऱ्या प्रथिनांची असमान पसरण आणि केंद्रांची एकमेकांशीं होणारी ओढाताण या दोन गोष्टींनीं तीं मध्याकडे येऊं शकतात असें त्यांत दिसतें. अनेक लहान-लहान घटकांच्या ओढाताणींतून व्यवस्था कशी उपजते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे.

मध्यावर उभा राहिलेला हा तर्कु पुढें अंडपेशीच्या कडेस जातो. त्याला तेथें नेण्याचें काम ॲक्टिन या दुसऱ्या तंतूंच्या जाळ्याचें असतें, असें २००८ सालीं दिसून आलें. छेद अगदीं कडेला पडतो, आणि त्यांतून एक भलीमोठी अंडपेशी व एक नगण्य ‘ध्रुवकाय’ निघतो. ध्रुवकायाला गुणसूत्रांचा पुरा संच मिळतो, परंतु अन्न जवळजवळ मिळतच नाहीं. तो टाकून देण्यासाठींच असतो. येथें छेद मध्यावर पडला, तर गर्भाच्या पहिल्या दिवसांसाठीं सांठविलेलें अन्न निम्मेंच हातीं राहील. प्रत्येक मनुष्याचा जन्म या अतिविषम वांटणीनंतरच झालेला आहे. आईचें वय वाढल्यावर अंडपेशींत ज्या चुका वाढतात त्या मुख्यतः गुणसूत्रांच्या सारख्या वांटणींतील असतात, छेदाच्या जागेंतील नव्हेत. दोहोंची गल्लत होऊं नये.

गर्भावस्था संपल्यानंतरहि या प्रश्नाचें महत्त्व संपत नाहीं. फळमाशीच्या मेंदूंतील मूळ पेशी विषम रीतीनें दुभंगून एक मूळ पेशी राखते व दुसरी मज्जापेशींच्या कामीं लावते. एमान्युएल कॉसिनस व कायेतानो गोंसालेस यांनीं ही विषमता बिघडविणारे कांहीं जनुकदोष घेतले. त्यांपैकीं एक, वर सांगितलेल्या सांखळींतील मधल्या प्रथिनाच्या माशींतील जोडीदाराचा होता. अशा सदोष मेंदूचे तुकडे त्यांनीं निरोगी माश्यांच्या पोटांत बसविले. ते तुकडे शंभरपटींहून अधिक वाढले व त्यांच्या गांठी झाल्या, असें त्यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. माशीवरून मनुष्याच्या कर्करोगाविषयीं एकदम अनुमान काढणें धाडसाचें होईल. परंतु वांटणीची जागा आणि वाढीला लागणारा लगाम यांचा संबंध असूं शकतो, एवढें त्यावरून निश्चित होतें.

या सर्व हकीकतींतून एक गोष्ट विशेषेंकरून निष्पन्न होते. तर्कूची नेमकी जागा ठरविणारा कोणी मुकादम पेशींत बसलेला नाहीं. तेथें आहेत तीं क्षणांत धरणारीं व क्षणांत सुटणारीं, एकेकटीं अत्यंत दुबळीं अशीं प्रथिनें. कृमीच्या अंड्यांत मागें सरकतांना तर्कूचें मागचें टोक झोके घेतांना दिसतें, तें या धरसोडीचेंच लक्षण आहे. आणि तरीहि शेवटीं छेद पडतो तो ठरल्या जागीं, पिढ्यान् पिढ्या. कारखान्यांत नेमकेपणा येतो तो प्रत्येक भाग ताठ व पक्का केल्यानें. पेशींत तो येतो दोन बाजूंच्या ओढींचा हिशेब सतत जुळत राहिल्यानें. हा हिशेब अंड्या-अंड्याच्या आकाराप्रमाणें कसा बदलतो, आणि छेद पुरेसा सरकला हें पेशीला केव्हां व कसें कळतें, या प्रश्नांवर अजून काम चालू आहे. सारखें काय वांटावयाचें आणि विषम काय वांटावयाचें हें एकाच क्षणीं, एकाच साधनानें साधणें, ही जीवसृष्टीची अगदीं आरंभींची कसोटी आहे. ती उतरल्यावांचून कोणत्याहि गर्भाला पुढचें पाऊल टाकतां येत नाहीं.